एकच तर पायरी

विठोबा, तुझ्या महाद्वाराशी नामदेवाची पायरी आहे. संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून त्यानं ती जागा मागून घेतली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिच्यासमोर चोखोबा, ज्याला लोकांनी आत येऊ दिलं नाही. माझे पाय त्या पायरीवर कधी पडलेले नाहीत. नीट चालायला लागायच्या आतच पोलिओनं ते नेले आणि तुझ्या दर्शनाला मी आले ती काकांच्या खांद्यावर बसून, गर्दीच्या डोक्यांवरून. तेव्हा नामदेवाचं माझ्याकडं येणं बाकी आहे. त्याला सांग, धुळीऐवजी चाकांची माती चालणार असेल तर ती हवी तेवढी देईन. पण पायरी ह्या विषयावर तुझ्याशी भांडायचा हक्क मला तेव्हापासूनचा आहे. जनाबाईनं तुला शिव्या घातलेल्या चालल्या, माझंही जरा ऐकून घे.

मी पॅरिसला आले आहे. तिकडं देहू-आळंदीहून पालख्या निघायचे दिवस, निम्मं पुणं टाळ-मृदंग ऐकायला रस्त्यावर, आणि ही बया सीन नदीच्या काठी काय करते आहे, असं तुला वाटलं तर साहजिक आहे. शाळेत चित्रकला शिकवण्यात जन्म गेला. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरींना ज्यांची चित्रं गुळगुळीत कागदावर छापलेली दाखवली, ती एकदा मूळ आकारात, ब्रशाच्या फटकाऱ्यांसकट बघावीत एवढी इच्छा होती. ती पुरवलीस. त्याबद्दल आधी हात जोडते आणि मग तक्रारींकडं वळते.

बरोबर माझी भावजय आहे. साठीला टेकली तरी मला अजून 'वन्सं'च म्हणते, निम्मं मानानं आणि निम्मं चेष्टेनं. नणंदेनं भावजयीला कसं छळलं ह्याच्या ओव्या तू जात्यावर बसून पुष्कळ ऐकल्या असशील. नणंदेला परक्या गावच्या चढावर ढकलणाऱ्या भावजयीची ओवी मात्र कुणी रचलेली नाही. तेवढी तू मनातल्या मनात रचून ठेव.

तक्रार हॉटेलांपासून सुरू होते. देवा, हे शहर एकोणिसाव्या शतकात ओस्मान नावाच्या अधिकाऱ्यानं पाडून पुन्हा बांधलं. १८५३ पासून सतरा वर्षं तो रुंद, सरळ रस्ते काढत राहिला. त्या रस्त्यांबद्दल त्याला माझा दुवा, कारण माझी खुर्ची त्याच्याच रुंद फुटपाथांवरून धावते. पण त्याच्या काळच्या घरांत लिफ्ट नव्हती. ती मागाहून जिन्याच्या मधल्या पोकळीत कशीबशी बसवली, आणि तिच्यात एक माणूस आणि त्याची बॅग शिरली की संपलं. काही ठिकाणी लिफ्टपर्यंत पोचायलाच तीन-चार पायऱ्या. कायदा म्हणतो, वीस खोल्यांपर्यंतच्या हॉटेलात एक खोली आमच्यासारख्यांसाठी हवी, पन्नासपर्यंत दोन. म्हणजे अख्ख्या इमारतीत एखाददुसरी खोली, आणि तिच्यावर देशोदेशीच्या चाकवाल्यांचा डोळा. म्हणून आम्ही थंडीतच पत्रं लिहायला बसलो.

दाराची रुंदी किती? न्हाणीघराच्या दाराला उंबरठा आहे का? शॉवर सपाट फरशीवर आहे की टबात? कमोडच्या कुठल्या बाजूला जागा आहे, डाव्या की उजव्या? पलंग जमिनीपासून किती उंच? लिफ्टची आतली लांबी? बाई लग्नाच्या स्थळाची चौकशी करते आहे की खोलीची, असं तिकडच्यांना वाटलं असेल. उत्तरं भराभर आली आणि प्रत्येकात 'हो' होतं. एकानं तर फारच आनंदानं कळवलं, की आमचं हॉटेल व्हीलचेअरसाठी अगदी सोयीचं आहे, दारात फक्त एक पायरी आहे.

एकच तर पायरी! पांडुरंगा, हे वाक्य मी पुण्यात बँकेत ऐकलं, मंगल कार्यालयात ऐकलं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडं ऐकलं, मतदान केंद्रावर ऐकलं. ते फ्रेंच माणसाच्या इंग्रजीतही जसंच्या तसं येईल असं वाटलं नव्हतं. म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. त्याचा पाय ती पायरी रोज न मोजता चढतो, तेव्हा ती त्याच्या हिशेबात नसतेच. माझ्या खुर्चीची पुढची चाकं मात्र वीतभरसुद्धा नाहीत. बोटाच्या दोन पेरांएवढी कड आली तरी ती अडतात, आणि मागून ढकलणाऱ्याचा जोर जास्त झाला तर मी पुढं तोंडावर. पंधरा सेंटीमीटरच्या एका पायरीला दोन धडधाकट माणसं लागतात. ती दोन माणसं आम्ही जाऊ-येऊ तेव्हा दारात उभी राहतील, अशी सोय कुठल्याच हॉटेलाच्या भाड्यात नसते.

म्हणून ज्यानं आम्हांला मापं पाठवली त्याच्यासाठी ह्या प्रार्थनेतली पहिली ओंजळ. रात्रपाळीचा पोरगा असावा, कारण त्याचं पत्र आलं तेव्हा तिकडं पहाटेचे तीन वाजले होते. त्यानं लांबलचक काही लिहिलं नाही, नुसते फोटो पाठवले. पहिल्यात न्हाणीघराच्या चौकटीत आडवी धरलेली पोलादी टेप, ८३ सेंटीमीटरच्या आकड्यावर टेकलेला अंगठा, त्याचं नख कुरतडलेलं. दुसऱ्यात पलंगाच्या कडेला उभी टेप, ४८. तिसऱ्यात शॉवरखालची फरशी, टेपचं टोक जाळीवर, कुठं काठ नाही की उंचवटा नाही. चौथ्यात कमोडच्या डाव्या अंगाची मोकळी जागा आणि भिंतीतली दांडी. ती दांडी भक्कम आहे हे दाखवायला त्यानं एका हातानं तिला लोंबकळून दुसऱ्या हातानं फोटो काढला होता. तो थोडा हललेला आहे. माझी खुर्ची ६४ सेंटीमीटर रुंद. ८३ वजा ६४, राहिले १९. म्हणजे चाकं फिरवताना दोन्ही हातांच्या बोटांची सालटी निघणार नाहीत. हा हिशेब मी वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवला आणि त्याच रात्री पैसे भरले. फरशीवर टेप धरायची तर गुडघे टेकावे लागतात, देवा. एका अनोळखी म्हातारीच्या अंघोळीसाठी त्यानं पहाटे तीनला ते टेकले. त्याचे गुडघे म्हातारपणापर्यंत शाबूत ठेव.

तुझ्याकडं मला असली माणसंच मागायची आहेत. पाय मागून झाले. आई माझ्या वतीनं मागायची, शनिवार धरायची, नवस बोलायची, आणि तू तेव्हा मान हलवली नाहीस. त्याचा राग आला तेव्हा आला, आता तो जुना झाला. आता मागते आहे ते तुला फार स्वस्तात पडेल. खरं माप सांगणारी माणसं दे. जिथं आम्हांला जाता येणार नाही तिथं स्पष्ट 'नाही' सांगणारी दे, चेहरा पाडून नको, दुकानात साखर नाही म्हणून सांगतात तितक्या सहज. घरून निघताना मला 'नाही' कळलं तर मी दुसरीकडं जाईन. दारात पोचल्यावर कळलं तर मी दारातच राहते.

प्रवासाचं फार सांगत नाही. विमानतळावर मदत मिळवणं हा युरोपात हक्क आहे, २००६ सालचा नियम आहे, अठ्ठेचाळीस तास आधी कळवलं की झालं, आणि त्याचे पैसे मागता येत नाहीत. खुर्ची विमानाच्या पोटात गेली, बसायची उशी आणि पायपट्ट्या आम्ही काढून जवळ ठेवल्या. उतरल्यावर खुर्ची सगळ्या भागांसकट परत मिळेपर्यंत मी तुझं नाव घेत होते हे तुला माहीतच आहे. त्या वेळचं देणं चुकतं झालं असं समज.

आता जमिनीखालचं गाऱ्हाणं. इथली मेट्रो १९०० सालच्या जुलैत, मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी सुरू झाली. तीनशेच्या वर स्टेशनं. शहरात कुठंही थांबा, हाकेच्या अंतरावर एक जिना जमिनीत उतरताना दिसतो, आणि काही जिन्यांवर हिरव्या लोखंडाची वेलबुट्टी, एक्तोर गिमारनं घडवलेली. कलेची मास्तरीण म्हणून मी त्या लोखंडापुढं मान तुकवली. खाली मात्र उतरता आलं नाही. ही मेट्रो ज्या इंजिनिअरनं आखली आणि उभारली, त्या फुल्जांस ब्यँव्हन्यूचा डावा हात रेल्वेच्या बांधकामावरच्या अपघातात गेला होता. एका हाताच्या माणसानं अख्खं शहर खालून पोखरून जोडलं. त्याचं नाव माँपार्नासच्या स्टेशनाला दिलेलं आहे, आणि त्या स्टेशनात चाकाच्या खुर्चीला मेट्रोचा फलाट गाठता येत नाही. त्याला मी बोल लावत नाही. त्याच्या काळी माझ्यासारखी बाई घराबाहेर पडेल, आणि पडलीच तर समुद्र ओलांडून त्याच्या गाडीत बसायला येईल, हे कुणाच्या स्वप्नात आलं असतं? पण पुढच्यांना तर दिसत होतं. २००५ मध्ये ह्या देशानं कायदा केला, की सगळ्या सार्वजनिक जागा दहा वर्षांत आमच्यासाठी खुल्या व्हाव्यात. त्यातून जमिनीखालची जुनी मेट्रो वगळली, वरून बस चालवा म्हणजे झालं. आणि दहा वर्षं भरली तेव्हा बाकीच्यांनाही मुदत वाढवून दिली. मुदतवाढ हा शब्द आमच्याही सरकारी कागदांत चांगला रुळलेला आहे, त्यामुळं मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

एक लाइन मात्र वेगळी आहे, चौदा नंबरची. १९९८ मध्ये सुरू झाली आणि आता थेट ऑर्ली विमानतळापर्यंत जाते. तिच्या प्रत्येक स्टेशनात लिफ्ट. आम्ही लिऑं स्टेशनापाशी खाली उतरलो. फलाटाच्या कडेला काचेची भिंत, गाडी आली की भिंतीतली दारं आणि गाडीची दारं एकदम उघडतात, आणि आतली जमीन व बाहेरची जमीन एकाच पातळीत. गाडीला ड्रायव्हर नाही, सगळं आपोआप. दारं उघडली तशी मी कुणाची वाट न बघता चाकांना हात घातला आणि आत. मागून आवाज आला, "अहो वन्सं, थांबा!" वहिनी फलाटावर पर्स सावरत होत्या. त्या आत आल्या आणि दारं लागली, तोवर माझ्या पोटात इतकं हसू दाटलं होतं की समोरची मुलगी आपला फोन ठेवून बघायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी मागं टाकून गाडीत चढले, देवा. तू पाहिलंस ना? पिरामीद स्टेशन येईपर्यंत वहिनी माझ्याशी बोलत नव्हत्या.

बाकी सगळं बसनं. बसबद्दल तुझे आणि ह्या शहराचे आभार मानते, कारण शहरातल्या सगळ्या बसमार्गांवर रॅम्पच्या गाड्या आहेत. मधल्या दाराशी बाहेरून एक बटण असतं, निळं, खुर्चीच्या चित्राचं. ते दाबलं की दार आधी बंद होतं, ह्यात घाबरायचं नसतं. मग बस किंचित वाकते, पिप-पिप करत पोटाखालून लोखंडी जीभ बाहेर येते, फुटपाथवर टेकते आणि तेव्हा दार पुन्हा उघडतं. आत जाऊन तोंड मागं करून, पाठ गादीला टेकवून बसायचं. त्यामुळं ६९ नंबरच्या बसमधून मी सगळं पॅरिस उलटं पाहिलं, ऑर्से, लूव्र, बास्तीय, सगळं मागं मागं जाणारं. ते बटण दाबलेलं ज्यांना ऐकू जातं त्या ड्रायव्हरांना आशीर्वाद दे. फुटपाथला चिकटवून गाडी लावायची सवय त्यांच्या हाताला राहू दे, आणि थांब्यावर माल उतरवायला टेम्पो लावणाऱ्यांना दुसरीकडं जागा मिळू दे. एका संध्याकाळी रॅम्प अर्धा बाहेर आला आणि अडकला. ड्रायव्हरबाई खाली उतरल्या, रॅम्पला बुटानं एक ठेवून दिली, आत गेल्या, पुन्हा बटण, पुन्हा अर्धा. अख्खी बस आमच्याकडं बघत होती. अशा वेळी चेहऱ्यावर काय भाव ठेवायचा हे मला ह्या वयातही सुचत नाही. हसलं तर लाचारी वाटते, गप्प राहिलं तर मग्रुरी. शेवटी त्यांनी खांदे उडवले, मी मान हलवली, बस गेली. पुढची आली. तिच्या जागेवर दोन बाबागाड्या होत्या, त्यांच्या आयांनी काही न बोलता त्या मिटून घेतल्या. ती लेकरं शहाणी निघू देत.

आता जे सांगते ते देवापुढं सांगायचं नसतं असं आई म्हणायची, पण तू आईबाप दोन्ही आहेस. बाहेर जायचं असलं की मी आदल्या रात्रीपासून पाणी कमी पिते. माझ्यासारख्या सगळ्याजणी पीत असतील. दिवसभर लघवीला जायचं नाही, ह्या एका गोष्टीवर आमच्या सहली, आमच्या नोकऱ्या, आमच्या लेकीबाळींच्या लग्नातली हजेरी बेतलेली असते. त्यातून मूत्रपिंडाचं दुखणं लागतं, पण तेव्हा निदान घरी असतो. ह्या गावातले कॅफे फार सुंदर, वेताच्या खुर्च्या, संगमरवरी टेबलं, आणि टॉयलेट कुठं, तर तळघरात, गोल जिन्यानं खाली. ते पाहून मी कॉफीचा कप परत ठेवणार होते. तेवढ्यात वहिनींना रस्त्याच्या कडेला एक राखाडी खोपटं दिसलं. सॅनिझेत म्हणतात त्यांना. २००६ पासून फुकट आहेत. दार सरकतं, आत खुर्ची वळायला जागा, दांडी, बेसिन, आणि माणूस बाहेर पडला की आतली फरशी स्वतःला धुऊन काढते. दोन मिनिटं पाण्याचा आवाज ऐकत बाहेर थांबायचं. देवा, मी नोत्र दामच्या दारातही हात जोडले, आगीतून सावरलेली वास्तू आहे ती, पण तितक्या मनापासून नाही जितक्या त्या खोपट्यापुढं. त्या दुपारी मी कॉफी प्यायले, वर ग्लासभर पाणी मागवलं आणि तेही संपवलं. ज्या कुणी हे शहराच्या खर्चात बसवलं त्याला पुण्यातल्या सगळ्या पोलिओवाल्या, पाठीच्या कण्याला मार बसलेल्या आणि वाकून चालणाऱ्या बायकांतर्फे नमस्कार पोचव. आणि आमच्याकडच्यांच्या डोक्यात हे घाल. तिथं तुला थोडा जोर लावावा लागेल.

आयफेलवर दुसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन आलो, शेंड्यावर खुर्ची नेऊ देत नाहीत. चालेल. माँमार्त्रच्या टेकडीवर पायऱ्यांच्या बाजूनं डब्यात बसून वर जाता येतं. वर गेल्यावर मात्र दगडी फरसबंदी अशी की माझे दात वाजले आणि वहिनींच्या मनगटांनी संप पुकारला. चित्रकार तुलूझ-लॉत्रेक ह्याच टेकडीच्या गल्ल्यांतून काठी टेकत फिरायचा. लहानपणी दोन्ही मांड्यांची हाडं मोडली आणि पायांची वाढ खुंटली, ती तशीच राहिली. ते दगड त्याला काय म्हणाले असतील ते मला हाडांतून कळलं.

पण ज्याच्यासाठी आले त्याच्याबद्दल बोलू दे. ऑर्सेचं संग्रहालय पूर्वी रेल्वे स्टेशन होतं. अपंग माणसाला आणि सोबत्याला तिकीट नाही. तिथं रेन्वारचं 'स्नान करणाऱ्या' हे मोठं चित्र आहे, त्याच्या शेवटच्या दिवसांतलं. १९१९ च्या डिसेंबरात तो गेला. तोवर कित्येक वर्षं संधिवातानं त्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. बोटं आत वळून तळव्यात रुतायची म्हणून हाताला कापडाच्या पट्ट्या, आणि ब्रश दुसऱ्या कुणी तरी बोटांत ठेवायचा. मोठं चित्र काढायचं तर उभं राहून वर हात पोचणार कसा? त्यानं कॅनव्हास रुळांवर चढवून घेतला. रूळ फिरवला की जो भाग रंगवायचा तो हातासमोर येई. तो चित्रापर्यंत जाऊ शकत नव्हता, म्हणून चित्र त्याच्यापर्यंत यायचं.

हे मी मुलींना वर्गात सांगत आले. समोर बसून पाहिल्यावर जे दिसलं ते सांगितलेलं नव्हतं. विठोबा, त्या चित्रात कुठंही कष्ट नाहीत. नारिंगी, गुलाबी, ऊन सांडलेलं, आणि दोघी बायका गवतावर इतक्या पसरून पडलेल्या की त्यांना उठायची घाईच नाही. दुखऱ्या हातानं त्यानं सुख काढलं. उभे असलेले लोक येत होते, क्षणभर थांबत होते, पुढं जात होते. माझी नजर मात्र त्या बायकांच्या अगदी समोर, कारण ज्या उंचीवरून रंग लागला त्याच उंचीवर मी होते. संग्रहालयात चित्रं उभ्या माणसाच्या डोळ्यांना धरून टांगतात, मला ती नेहमी जरा वरून खाली बघतात. ह्या एका चित्रानं तसं केलं नाही. मी ब्रेक लावला आणि बसून राहिले. पहारेकरी बाई एकदा जवळ येऊन गेल्या, काही हवं का म्हणून, मी नको म्हटलं. तेव्हा मी तुझी प्रार्थना केली नाही, खरं सांगते. तू आठवलाच नाहीस. मला वाटतं तुला ते चाललं असेल.

लूव्रमध्ये काचेच्या पिरॅमिडखाली गोल जिना आहे आणि त्याच्या बरोबर मधून एक बिनछताचा दंडगोल खांब वर-खाली होतो, तीच आमची लिफ्ट. सगळे जिन्यावरून आमच्याकडं बघतात, आम्ही त्यांच्याकडं. आत हात नसलेली व्हीनस पाहिली. डोकंही नाही आणि हातही नाहीत अशी विजयादेवी एका प्रचंड जिन्याच्या माथ्यावर उभी आहे. पंढरीत कळसाचं दर्शन घेऊन परततात तसं मी तिचं दर्शन खालूनच घेतलं. तिच्यापुढं माणसांचा पूर लोटला होता. संगमरवराचं काही तुटलेलं असलं की माणसं किती आदरानं बघतात!

चौदाव्या लुईनं १६७० मध्ये लढाईत जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी इथं भलं मोठं घर बांधायचा हुकूम काढला, ते अँव्हालीद. जखमी सैनिक आजही तिथं राहतात. त्याच्या सोनेरी घुमटाकडं बघताना मला आपले पेटकर आठवले. मुरलीकांत पेटकर, सांगलीकडचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या अंगावर घेतलेले, आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला पोहण्यात सोनं जिंकलेले. पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सोनं ते. आणि २०२४ मध्ये इथल्याच मैदानावर सचिन खिलारीनं गोळा फेकून रुपं आणलं, तोही सांगली जिल्ह्याचाच. त्या मातीत तू काय कालवलंस ते एकदा सांग. पण अशांच्या बरोबर माझ्यासारखीचीही आठवण ठेव. मला पदक नको आहे. मला विक्रम करायचा नाही, कुणाला प्रेरणा द्यायची नाही, 'ह्या वयात, ह्या अवस्थेत, कमाल आहे हो तुमची' हे ऐकायचं नाही. चित्रं बघायची, क्रोसाँ खायचा, वहिनींशी नकाशावरून भांडायचं आणि पाय सुजले की खोलीवर यायचं, इतपत सामान्य प्रवास मला करू दे. सामान्य असण्यासाठी इतकी पत्रं लिहावी लागू नयेत.

वहिनींच्या मनगटांकडं बघ. बाम चोळून आत्ताच झोपल्या आहेत. मी त्यांना हे तोंडावर सांगत नाही, सांगितलं तर त्या उद्या जास्त जोरात ढकलतील, म्हणून तुझ्याकडं सांगते. त्यांच्या जागी मी असते तर एवढं केलं असतं का, ह्याचं उत्तर मला येत नाही. त्यांना म्हातारपणी ढकलायला कुणी तरी मिळू दे, आणि त्याहून बरं म्हणजे ढकलायची गरज पडू देऊ नकोस.

ज्या सगळ्याजणी आज रात्री कुठल्या तरी शहराचा नकाशा पुढं घेऊन बसल्या असतील, प्रागचा, लिस्बनचा, रोमचा, आणि हॉटेलच्या फोटोतल्या दाराखाली काळी रेघ दिसते आहे ती सावली आहे की पायरी, हे फोटो मोठा करकरून बघत असतील, त्यांना ती सावलीच निघू दे. त्यांच्या पत्राला उत्तर देणाऱ्याच्या खणात टेप असू दे. मी आमची सगळी मापं वहीत उतरवली आहेत: दाराचं, पलंगाचं, बसच्या रॅम्पच्या चढाचं, खोपट्याच्या दाराचं, कुठल्या फुटपाथला उतार आहे आणि कुठल्या नाही ते. साताऱ्याची एक माजी विद्यार्थिनी अपघातानंतर खुर्चीत आहे, तिला पाठवणार आहे. तिनं अजून मागितलेली नाहीत. तिच्या मनात यायचं असलं तर ते तुझ्याकडून यावं.

आणि उद्याचं. उद्या सकाळी पाऊस पाडू नकोस, ओल्या दगडावर चाकं सरकतात. बसमध्ये बाबागाड्या कमी असू देत. ह्या हॉटेलची लिफ्ट आज दोनदा मधेच विचारात पडली होती, म्हणून तिच्याबद्दल नीट बोलून ठेवते. ती चालूच राहावी हे पहिलं मागणं. पण बंदच पडायची असेल तर मी वर खोलीत असताना नको, खाली उतरल्यावर पाड. वर अडकले तर दिवस गेला. खाली अडकले तर रात्री झोपायचं कुठं हा प्रश्न येईल, पण तो रात्रीचा. आणि रात्रपाळीला तो टेपवाला पोरगा असतो, तो काही तरी करेल.